दसऱ्याला काटा का अडला

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. दौंडजवळच्या पेंडीच्या कारखान्यात दसऱ्याच्या सकाळी वजनकाट्याचा कॉम्प्युटर अडला, तो आपोआप अडला नव्हता. मी अडवला होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला दुपारी, त्याच्यावर झेंडूची माळ चढवलेली असताना. आणि त्याचा दोष ज्या बाईवर गेला, ती माझीच विद्यार्थिनी होती.

मी शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं होत आली. सुरुवातीला दुकानाच्या मागच्या खोलीत टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. पुढं क्लास बंद झाला आणि दुरुस्ती राहिली. दुरुस्ती म्हणजे काय, तर फॉरमॅट मारणे, सगळं पुसून विंडोज नव्यानं घालणे. आमच्या भागात हा शब्द डॉक्टरच्या इंजेक्शनसारखा वापरतात. मशीन हळू चाललं, फॉरमॅट मारा. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. पुतण्यानं काहीतरी दाबलं, फॉरमॅट मारा. माझ्या गळ्यात एक पेनड्राइव्ह असायचा, काळ्या दोरीत ओवलेला. त्यात चोरीची विंडोज, ती चालू करायची किल्ली, आणि मराठीचे जुने फॉन्ट. एवढ्या भांडवलावर मी शिरूरपासून न्हावरा, पारगाव, चौफुला करत दौंडपर्यंत मोटरसायकलवर फिरलो. बियाण्यांची दुकानं, दवाखाने, पतसंस्था, कोरेगाव भीमाच्या पुढची छोटी वर्कशॉप. सगळीकडं तीच विंडोज. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विकत घ्यायची असते हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ती विद्यार्थिनी केंदूरची. माझ्या क्लासच्या शेवटच्या काही वर्षांतली. एसटीनं यायची, वहीत प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायची, आणि मी पुढच्या टेबलाकडं वळलो की मघाशी सांगितलेलं उलटं करून बघायची. म्हणजे फाइल कशी उघडायची हे मी सांगितलं, की ती उघडू नये म्हणून काय करता येईल ते शोधायची. लग्न होऊन ती दौंडकडं गेली. पेंडीच्या कारखान्याला ऑफिसात माणूस पाहिजे होतं, तेव्हा मीच आप्पांना तिचं नाव सुचवलं.

आप्पा म्हणजे कारखान्याचे मालक. आप्पांचं शिक्षण कमी, पण गाडीच्या टायरकडं बघून मक्याचं वजन सांगतात, आणि मूठभर दाणे चावून ओलावा. जनावरांची कांडी पेंड बनवतात. दिवाळीच्या आगेमागे मका सुरू झाला की पाटस रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागते. गाडी भरलेली काट्यावर येते, वजन कॉम्प्युटरवर उमटतं, मग मका उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर, आणि दोन्ही वजनं छापलेली पावती शेतकऱ्याच्या हातात. सगळा विश्वास त्या पावतीवर. छापलेली पावती म्हणजे कोणी हात लावला नाही, असा तिचा अर्थ असतो.

एका वर्षी आप्पांच्या ओळखीच्या एका कारखानदाराला चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल वकिलाची नोटीस आली. आप्पा घाबरणाऱ्यातले नाहीत, पण त्यांना चोर म्हटलेलं खपत नाही. त्यांनी तिला विचारलं, "पोरी, आपल्यातलं बी तसलंच हाय का गं?"

ती म्हणाली, "व्हय आप्पा. सगळंच तसलं हाय."

मी त्या वेळी तिथंच प्रिंटर उघडून बसलो होतो. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आप्पा, सगळीकडं असंच चालतं." 

तिनं मग लिनक्सचं सांगितलं. विंडोजऐवजी घालता येणारी मोकळी प्रणाली, कोणीही घ्यावी, कोणीही वापरावी, कायदेशीर. व्हायरसचा त्रास कमी. जुन्या मशीनवर चालते. ती भंगारात टाकलेल्या एका कॉम्प्युटरवर घरी सहा महिने हे सगळं करून बघत होती. काट्याचं वजन वाचून पावती छापणारा छोटा प्रोग्रामही तिनं जुळवून घेतला होता. आप्पांना त्यातलं काही कळलं नाही, पण एक गोष्ट कळली. ते म्हणाले, "म्हंजी कुणी नोटीस धाडणार न्हाई?"

"न्हाई."

"मग दसऱ्याला सुरू कर. साडेतीन मुहूर्तातला हाय. पर आधी सरांना एकदा दाखवून घे."

सर म्हणजे मी.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. कारखान्यात दळण्याचं यंत्र, पाने, फावडी, काट्याचा आकडा दाखवणारा डबा, आणि ऑफिसातले कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. मी पोचलो तेव्हा तिनं मला नव्या मशीनसमोर बसवलं. बाहेर एक रिकामा टेम्पो काट्यावर घातला, आणि वजन पडद्यावर आलं. बरोबर आलं, किलोला किलो. प्रिंटर वाजला, पावती बाहेर आली. ती माझ्याकडं बघत होती. परीक्षेचा पेपर तपासून मिळायची वाट बघावी तसं.

मी म्हणालो, "छान."

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, ते आता नीट सांगतो. पहिली गोष्ट भीती. हे इथं चाललं तर आप्पा चारचौघांत सांगणार, मग बाकीचे विचारणार, आणि ज्या मशीनला फॉरमॅट लागत नाही त्याला मी कशाला लागेन? पण भीतीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी होती आणि तीच सांगायला मला एवढी वर्षं लागली. मी जे कधी शिकलो नाही ते ती शिकली होती. माझ्या मागच्या खोलीत बसून माऊस कसा धरायचा हे शिकलेली मुलगी मला काट्याचं वजन आणून दाखवत होती, आणि वर माझ्याच तोंडून "छान" ऐकायला थांबली होती.

पूजेचं ताट घेऊन ती काट्याकडं गेली. जाताना म्हणाली, "सर, तुम्ही बघा अजून काय बघायचं ते. पासवर्ड सांगून ठेवते. तुमच्यापासनं काय लपवायचं?"

त्या प्रणालीत काट्याच्या वायरीतून येणारं वजन वाचायला वापरणाऱ्याला एक परवानगी द्यावी लागते. तेवढं मला इंटरनेटवर वाचून माहीत होतं. एका ओळीची आज्ञा. मी ती परवानगी काढून घेतली. तिची गंमत अशी की मशीन चालू आहे तोवर काही फरक पडत नाही. बंद करून परत चालू केलं की मग पडतो. संध्याकाळी ती मशीन बंद करून जाणार होती.

तिनं आणलेला पेढा मी खाल्ला आणि शिरूरला निघून आलो.

दसऱ्याला सकाळी आप्पांचा फोन. "सर, या बरं. ह्याला काय झालंय बघा."

मी पोचेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागले होते. सणाचा दिवस, पहिला मका मुहूर्तावर घालायचा म्हणून माणसं पहाटेपासून आलेली. पडद्यावर वजन येत नव्हतं. ती काट्याच्या डब्यावरचा आकडा बघून हातानं पावत्या लिहीत होती, उभ्यानं, भिंतीला पावतीबुक टेकवून. आणि प्रत्येक पावतीमागं कोणी ना कोणी बोलत होतं.

"काय ताई, कॉम्प्युटरला आपट्याचं पान द्या की. रुसलाय त्यो."

"फुकटात आणलंय म्हणं. मंग फुकटच बसनार."

"हातानं लिवलेली पावती मला नको बाबा. माझा मका परत घालतो गाडीत."

हे शेवटचं बोलणारा चेष्टा करत नव्हता. आप्पांनी त्याला समजावलं, पण तो खरंच गाडी वळवून गेला. आप्पांच्या काट्यावरून परत गेलेली पहिली गाडी. आप्पांचा चेहरा मी तेव्हा बघितला.

तिनं मला बघून विचारलं, "सर, माझं काय चुकलं असंल ओ? काल तर चाललं."

मी म्हणालो, "असल्या गोष्टींचा भरवसा नसतो."

मग मी जुनं विंडोजचं मशीन, जे तिनं कोपऱ्यात कापड घालून ठेवलं होतं, ते टेबलावर आणलं, वायर जोडली, आणि वजन आलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकानं मला आपट्याची पानं दिली आणि पाया पडला. वयानं माझ्याएवढाच होता.

चार दिवसांनी आप्पांनी तिला ऑफिसातून काढून गोदामात पोती मोजायला बसवलं. रागानं नाही, त्यांच्या मते सोयीनं. "पोरी, हुशार हाईस तू, पर हे मोठं काम हाय. तुझं ते मशीन बी घिऊन जा तिकडं." काट्यावरचे ड्रायव्हर तिला 'हातपावतीवाल्या ताई' म्हणायला लागले, ते नाव चिकटलं. गोदामाला जायची वाट काट्यावरूनच आहे.

पुढची काही वर्षं मी तिथं जात राहिलो. फॉरमॅट मारत राहिलो. गोदामाकडं गेलो नाही. चहा ऑफिसातच घ्यायचो आणि खिडकीकडं पाठ करून बसायचो.

मग एक सोमवार आला. ऐन हंगाम. कारखान्याच्या सगळ्या कॉम्प्युटरवर लाल पडदा, वर इंग्रजीत धमकी: तुमच्या फाइल आम्ही कुलुपात घातल्या आहेत. शेतकऱ्यांच्या सगळ्या वजनांची नोंद गेली. कोणाचा किती मका आला, काही दिसेना. मी बसून तपासलं. ते आलं होतं माझ्या गळ्यातल्या पेनड्राइव्हमधून. शनिवारी न्हावऱ्याच्या एका दुकानात मी तो घातला होता, तिथंही तेच झालं होतं, मला रविवारी कळलं होतं, आणि शनिवारीच संध्याकाळी तोच पेनड्राइव्ह घेऊन मी इथं येऊन गेलो होतो ही गोष्ट मी मनातल्या मनात दाबली होती.

आप्पा खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यावर.  

तेवढ्यात ती आली. हातात एक छोटी डिस्क, वर रुमाल गुंडाळलेला. ऑफिसातल्या क्लार्ककडून ती रोज सुटताना दिवसाच्या वजनांची कॉपी मागून न्यायची आणि गोदामातल्या लिनक्सवर ठेवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. शनिवारपर्यंतचं सगळं तिच्याकडं होतं, आणि त्या लाल पडद्याला तिच्या मशीनचं काही करता आलं नव्हतं.

आप्पांनी विचारलं, "हे तुला कुणी करायला सांगितलं?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सरांनी. मागंच सांगितलं होतं, रोजची कॉपी ठेवत जा म्हणून."

आप्पा उठले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी हात धरू दिले.

दुपारी मी पहिल्यांदा गोदामात गेलो. पेंडीचा वास, उंदीर लागू नयेत म्हणून ठेवलेलं मांजर, आणि पोत्यांच्या थप्पीशेजारी तेच मशीन. मी उभा राहिलो. ती पोत्यांवर खडूनं आकडे घालत होती. मी म्हणालो, "तू तसं का सांगितलंस?"

ती म्हणाली, "बसा की सर. खुर्ची न्हाई, पोत्यावर बसा."

मी बसलो.

"सर, त्या खंडेनवमीला तुम्ही काय केलं ते मला चारच दिवसांत कळलं. मशीन इकडं आणलं, चालू केलं, आन् वरच्या बाणाची कळ दाबली. शेवटची आज्ञा दिसते त्यात. मी ती दिली नव्हती."

 मांजर येऊन माझ्या बुटाला अंग घासायला लागलं.

"मग आप्पांना का नाही सांगितलंस?"

"सांगायला निघाले होते. दारापर्यंत गेले." तिनं खडू खाली ठेवला. "मग आठवलं, क्लासला असताना माझी शेवटची एसटी चुकली होती. तुम्ही क्लास तसाच सोडून मला केंदूरला घरी पोचवलं होतं, काकूंना मागं बसवून, मला मधी. म्हंजी बा काही बोलू नये म्हणून काकूंना घेतलं बरोबर. तीन माणसं त्या गाडीवर. आठवतंय?"

काकू म्हणजे माझी बायको. पण मला आठवत नव्हतं. आजही नीट आठवत नाही. खूप मुलं यायची.

"दुसऱ्या दिवशी बा क्लास बंद करणार होता. काकू आल्या होत्या म्हणून केला न्हाई. त्यो बंद झाला असता तर मी आज कांदे निंदत असते. त्यामुळं मी परत फिरले." खडू परत उचलून म्हणाली, "पर परत असलं केलंत ना, तर सांगनार. आप्पांना न्हाई. काकूंना सांगनार."

मी हसलो. रडायचं होतं, पण हसू आलं. ती पण हसली. मग म्हणाली, "आन् आधी ते गळ्यातलं काढा. मंगळसूत्रागत घालून फिरताय."

मी पेनड्राइव्ह काढला. तिनं तो घेतला आणि पोती शिवायच्या सुताळीच्या डब्यात टाकला.

त्यानंतरच्या रविवारपासून मी तिच्याकडं शिकायला जायला लागलो. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस, पेंडीच्या पोत्यावर बसून, वही घेऊन. तिची शिकवायची पद्धत माझीच होती, हे मला दुसऱ्या रविवारी लक्षात आलं. मी क्लासमध्ये म्हणायचो, "घाबरू नका, मशीन चावत नाही." ती मला तेच म्हणाली, त्याच सुरात, आणि मग जीभ चावली.

मराठीचं कोडं सर्वांत अवघड होतं. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची जुनी पत्रं जुन्या फॉन्टमध्ये. लिनक्सवर उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी खुणांचा कचरा. शिरूरच्या एका पतसंस्थेचे मामा, तिथले जुने मॅनेजर, ते बघून म्हणाले होते, "अहो, ह्यानं आमचे ठराव खाल्ले." ती सगळी पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा मराठीत, कशी आणायची, कुठल्या जोडाक्षरांवर गाडी अडते आणि ती हातानं कशी सोडवायची, हे तिनं मला दाखवलं. पुढं मी मामांच्या शेजारी चार दिवस बसून त्यांचे ठराव आणले. मामा एकेक ठराव मोठ्यानं वाचून बघायचे आणि त्या वेळी कोण कोणाशी भांडलं होतं ते सांगायचे.

आता माझं कामच ते आहे. जिथं जिथं मी चोरीचं घातलं होतं तिथं तिथं जातो आणि सरळ सांगतो की हे चोरीचं आहे, मीच घातलंय, आता यातून बाहेर पडायचं का ते ठरवू. सगळीकडं जमत नाही, आणि मी जमतं असं सांगत नाही. ज्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं त्यांना मी रीतसर विकत घ्यायला सांगतो. काही जण दोन मशीन लिनक्सवर नेतात आणि एक ठेवतात. काही जण महिनाभर विचार करतात आणि नको म्हणतात. कोरेगाव भीमाच्या एका वर्कशॉपवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हायरस येनार न्हाई, फॉरमॅट लागनार न्हाई. मग तुमचं पोट कसं चालायचं ओ?"

मी म्हणालो, "चालतंय." आणि खरंच चालतंय. ज्या भीतीनं मी एका बाईचं ऑफिस हिरावलं, ती भीती खोटी निघाली. माणसं बोलावतात. शिकवायला बोलावतात, जुळवून द्यायला बोलावतात. आणि बघता बघता मी परत मास्तर झालो आहे, जे मला मनापासून व्हायचं होतं आणि मी विसरलो होतो. झोप लागते. दुपारी दुकानात फोन वाजला तर छातीत धस्स होत नाही. हे सगळं तिचं देणं आहे. आप्पांचंही आहे, कारण त्यांना चोर म्हटलेलं खपत नाही, आणि तिथूनच हे सुरू झालं.

त्या लाल पडद्यानंतर आप्पांनी विंडोज रीतसर विकत घेतली होती. यंदा तिला अपडेट मिळणं बंद झालं आणि आप्पांची मशीन नवीन विंडोज घेईनात. आप्पांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, "सगळंच तिकडं नेऊ. पर मागच्या येळी हिच्यानं झालं न्हाई. आता सर, तुम्ही हात घाला."

ती वहीत बघत राहिली. मी म्हणालो, "आप्पा, ताईच करतील. मी नुसता बाजूला उभा राहतो." एवढंच म्हणालो. मागच्या वेळी चूक माझी होती, हे पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

तिनंच केलं. काट्यासकट. हंगाम सुरू होऊन महिना झाला, एक गाडी थांबली नाही. ती परत ऑफिसात बसते, खिडकीजवळ. आणि परवा आप्पांनी काट्यासमोर सगळ्यांना गोळा करून टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन सत्कार केला. माझा. टोपी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर घातली आणि म्हणाले, "सरांनी दोनदा वाचवलंय ह्या कारखान्याला." ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. गर्दी पांगल्यावर ती तिथून जाताना एक ड्रायव्हर म्हणाला, "काय हातपावतीवाल्या ताई, आता तरी शिकलात का न्हाई सरांकडनं?"

तिनं मान खाली घातली आणि ऑफिसात गेली. गोदामातल्या त्या दुपारी तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. फक्त मी निघताना एवढं म्हणाली होती, "एकदा काट्यावरनं मान वर करून जावं वाटतंय, बाकी काय न्हाई."

तिनं मला धंदा परत दिला, मास्तरकी परत दिली, आणि माझं नाव सांभाळलं. तिचं नाव मी अजून परत दिलेलं नाही. आप्पांच्या समोर, त्याच काट्यावर, त्याच ड्रायव्हरांच्या देखत, दसऱ्याला चूक तिची नव्हती, मी मुद्दाम केली होती, आणि रोजची कॉपी ठेवायला मी कधीच सांगितलं नव्हतं, हे माझ्या तोंडानं सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. लिहून झालं आहे. सांगायचं बाकी आहे.